संकरित जास्वंद कोकणच्या पावसात टिकवताना

दिवाळी झाली की कोकणातल्या बाजारपेठांमध्ये रोपांचे टेम्पो येऊन उभे राहतात. हातभर उंचीचं झाड आणि त्यावर पंज्यापेक्षा मोठं फूल: कडेला केशरी, आत गुलाबी, देठाजवळ गडद मरून. ही संकरित जास्वंद. शिमग्यापर्यंत ती छान फुलते, मे महिनाही कशीबशी काढते. मृग लागून पंधरा दिवस सलग पाऊस झाला की पानं मलूल होतात आणि गणपतीपर्यंत कुंडीत नुसती काळी काडी उरते. गडग्याकडेची तांबडी गावठी जास्वंद मात्र त्याच पावसात रोज पूजेला फुलं देत असते. त्यावरून ‘हायब्रिड कोकणात होत नाही’ असं बरेच जण ठरवून टाकतात. तसं नाही. ती इथे चांगली होते, पण तिच्या मुळांची सोय आधी लावावी लागते. पहिला पावसाळा निभावला की पुढची दहा वर्षं झाड तुमचं.

ही आली कुठून

लिनेअसने १७५३ मध्ये जास्वंदीला हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस हे नाव दिलं, तेव्हाही ती आशियातल्या बागांमध्ये शेकडो वर्षं लावली जात होती. रानात आपोआप उगवलेली जास्वंद आजवर कुठेही नक्की सापडलेली नाही. माणसाने काड्या लावून लावून ती पसरवली. आपल्या परसातल्या तांबड्या जास्वंदीला बोंड धरलेलं क्वचितच दिसतं, त्याचं एक कारण यात असावं: पिढ्यान् पिढ्या काडीवर वाढलेल्या झाडाला बियांची गरजच पडली नाही.

मुद्दाम संकर करायला सुरुवात झाली ती हिंदी महासागरातल्या बेटांवर. मॉरिशसमध्ये चार्ल्स टेलफेअर यांनी १८२० च्या सुमारास तिथल्या स्थानिक जातींशी जास्वंदीचा संकर केला. पुढे हवाई बेटांवर हे वेड फार वाढलं. तिथल्या अर्नोटिॲनस या पांढऱ्या जातीला मंद वासही असतो. पूर्व आफ्रिकेतली, झुंबरासारखी लोंबणारी कातरलेल्या पाकळ्यांची जात (स्कायझोपेटॅलस) आपल्याकडेही जुन्या घरांसमोर दिसते. तीही या संकरांमध्ये मिसळली. मग फ्लोरिडा आणि ऑस्ट्रेलियात हजारो वाण निघाले. भारतात बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनेही या झाडावर काम केलं आहे.

या सगळ्या प्रवासात निवड झाली ती फुलाच्या आकारावरून आणि रंगावरून. मुळांकडे तितकं लक्ष दिलं गेलं नाही, कारण तिकडचे हौशी बागवाले अशी नाजूक झाडं दणकट खुंटावर (म्हणजे खालच्या मुळासकट झाडावर) कलम करूनच वाढवतात. आंब्याचंच बघा. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याला रत्ना तयार झाला. रत्ना कुणी कोयीपासून लावत नाही, रायवळच्या खुंटावर कलम बांधतात. जास्वंदीला हाच न्याय लावायचा.

रोप घेताना

दुकानात तीन प्रकार मिळतात. पहिली गावठी: एकेरी तांबडी, डबल तांबडी, पांढरी, झुंबर. ही जमिनीत लावून विसरलं तरी चालतं. दुसरा प्रकार ‘पुणे व्हरायटी’ म्हणून विकला जातो: ठेंगणं, भरगच्च पानांचं झाड आणि त्यावर पुष्कळ मध्यम आकाराची फुलं. तिसरी मोठ्या फुलांची, जिला नर्सरीवाले ‘ऑस्ट्रेलियन’ म्हणतात. हिची फुलं १५ ते २० सेंटिमीटरची, पण थोडी. थंडीत एकेक फूल दोन दिवस, कधी तीन दिवसही टिकतं. गावठीचं फूल संध्याकाळी मिटतं.

पुणे व्हरायटीचा ठेंगणेपणा बऱ्याचदा औषधाचा असतो. हापूसच्या बागेत कल्टार घालतात ना, त्याच जातीची वाढरोधकं या रोपांना दिलेली असतात. सहा-आठ महिन्यांत त्यांचा जोर ओसरतो आणि झाड उंच, विरळ व्हायला लागतं. ‘आमचं झाड बिघडलं’ असं समजून खत ओतू नका. ते त्याच्या खऱ्या सवयीवर आलेलं असतं, छाटणीने आकारात राहतं.

फुलापेक्षा बुंधा बघा. मातीपासून १०-१५ सेंटिमीटरवर गाठ असेल आणि गाठीच्या वरची साल खालच्यापेक्षा वेगळी दिसत असेल तर ते कलम. दोनपैकी एक निवडायचं असेल तर फूल नसलेलं कलम घ्यावं, फुललेलं काडीवरचं रोप सोडावं. पिशवीच्या भोकातून पांढरी मुळं दिसत असतील तर उत्तम. तपकिरी, हाताला बुळबुळीत लागली तर रोप तिथेच ठेवा. पानाच्या बगलांमध्ये कापसासारखं काही दिसलं तरी तसंच.

ऑनलाइन ‘जायंट हिबिस्कस’ किंवा ‘निळी जास्वंद’ म्हणून बियांची पाकिटं मिळतात. ताटाएवढ्या फुलांची जी खरी जात आहे ती उत्तर अमेरिकेतली. हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळून ती विश्रांती घेते, तशी थंडी आपल्याकडे पडत नाही. खरी निळी उष्ण कटिबंधातली जास्वंद तर अजून कुणाला साधलेली नाही. पैसे घालवू नका.

माती आणि कुंडी

घाटावरून किंवा आंध्रातल्या कडियमहून आलेल्या रोपांचा गड्डा बऱ्याचदा चिकट मातीचा असतो. उन्हाळ्यात ती माती पाणी धरून ठेवते म्हणून बरी वाटते. पावसाळ्यात तीच मुळांचा श्वास कोंडते. आपल्या सैल मातीत हा गड्डा तसाच बसवला तर आजूबाजूची माती वाळते आणि मधला गोळा ओलाच राहतो. म्हणून रोप आणल्यावर आठवडाभर सावलीत ठेवा, मग गड्डा बादलीत बुडवून बाहेरची निम्मी माती हलक्या हाताने धुऊन काढा. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं. एप्रिल-मेच्या उन्हात केलं तर झाड सगळ्या कळ्या गाळतं.

मिश्रण असं: चाळलेली तांबडी माती २ भाग, नदीची जाड वाळू १ भाग, जांभ्याची बारीक खडी १ भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत १ भाग. त्यात कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. किनाऱ्यावरची पुळण कधीही वापरू नये. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुनाही, चुन्यामुळे मातीतलं लोह झाडाला मिळत नाही. कोकोपीट एक दशांशापेक्षा जास्त नको. उन्हाळ्यात त्याचा उपयोग आहे, पण जुलैत ते स्पंजासारखं फुगून बसतं. उन्हाळ्यातला ओलावा टिकवायला मातीवर सोडणाचे (नारळाच्या सालीचे) तुकडे अंथरावेत, पावसाआधी ते उचलून टाकता येतात.

पहिली कुंडी १० इंची पुरे. एकदम १६ इंची कुंडीत लावलं तर मुळं पोहोचलेली नसतात तिथली माती सतत ओली राहून आंबते. मातीची कुंडी सर्वांत चांगली. प्लॅस्टिकची असेल तर तळाला आणि बाजूला मिळून सहा-सात भोकं पाडा. कुंडी दोन चिऱ्यांवर उचलून ठेवा. खाली ताटली ठेवू नका.

कलमाची गाठ मातीच्या वरच राहिली पाहिजे. गाठ पुरली तर वरच्या काडीला स्वतःची मुळं फुटतात, आणि ज्या कमजोर मुळांपासून सुटका हवी होती तीच परत येतात.

ऊन, पाणी, खत

सकाळचं पाच-सहा तास ऊन हवं. एप्रिल-मेमध्ये दुपारी झापाची सावली करा. समुद्रासमोरच्या घरांनी झाड घराच्या पूर्वेला, भिंतीच्या आडोशाला ठेवावं. खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी होतात. वादळी वाऱ्यानंतर पानांवर गोड्या पाण्याचा फवारा मारला की नुकसान बरंच टळतं. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मार्चनंतर मचूळ होतं. कुंडीच्या काठावर पांढरी पूड साठायला लागली की समजावं, आणि त्या दिवसांत आठवड्यातून एकदा तरी कुंडीतून भरपूर गोडं पाणी जाऊ द्यावं.

खताच्या बाबतीत जास्वंदीचा एक हट्ट आहे: तिला स्फुरद (फॉस्फरस) थोडं आणि पालाश (पोटॅश) भरपूर लागतं. फुलं येत नाहीत म्हणून डीएपी किंवा हाडांचा चुरा घालण्याची सवय इथे उलटते. जादा स्फुरदामुळे लोह आणि जस्त झाडाला घेता येत नाही, नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. आंब्यावर फवारायला आणलेलं १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) घरात असेल तर तेच वापरा: लिटरला १ ग्रॅम, १० इंची कुंडीला दर पंधरा दिवसांनी अर्धा ते एक लिटर, ऑक्टोबर ते मे. मातीला आधी साधं पाणी, मग खत. महिन्यातून एकदा मॅग्नेशियम सल्फेट, तेही लिटरला १ ग्रॅम. शिवाय दोन महिन्यांनी दोन मुठी गांडूळखत. एवढं पुष्कळ झालं.

पहिला पावसाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. संकरित जास्वंद मरते ती या पाण्यात वाढणाऱ्या फायटोफ्थोरा आणि पिथियम या बुरशींनी. सुपारीवरचा कोळेरोग ज्या बुरशीमुळे येतो, तिच्याच भाऊबंदांपैकी या. त्यामुळे सुपारीच्या बागायतदाराला जे माहीत आहे ते इथे उपयोगी पडतं: ताम्रयुक्त औषध, आणि तेही रोग यायच्या आधी.

मेच्या शेवटच्या आठवड्यात खत थांबवा. सोडणं, पालापाचोळा काढून मातीचा वरचा थर मोकळा करा. भोकांमध्ये काडी घालून ती उघडी आहेत ना ते पाहा. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ग्रॅम घेऊन प्रत्येक कुंडीत पाव लिटर ओता. हेच ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा. ट्रायकोडर्मा घालत असाल तर ताम्रयुक्त औषधानंतर किमान पंधरा दिवसांनी, नाहीतर तांब्याने ती मित्रबुरशीही मरते. अनेक जण सवयीने कार्बेन्डाझिम ओततात. या दोन बुरशींवर त्याचा परिणाम होत नाही.

मग जागा. पूर्वेच्या वळचणीला, जिथे उजेड भरपूर पण पाऊस थेट नाही, तिथे कुंड्या हलवा. पागोळ्यांच्या रेषेत ठेवू नका. एका रात्रीत माती धुऊन मुळं उघडी पडतात. पडवीच्या आत अंधारात ठेवलं तर पानं गळतात आणि अंधारात ओली माती वाळतच नाही. वळचण नसेल तर चार बांबूंवर पारदर्शक पत्रा टाकावा, बाजू उघड्या ठेवाव्यात. प्लॅस्टिकने चारी बाजू बंद केल्या तर आत दमट कोंडमारा होतो.

आता गमतीची गोष्ट अशी की आडोशाला ठेवलेली झाडं जुलैत तहानेनेही मरतात. बाहेर पाऊस कोसळत असतो म्हणून कुंडीकडे कुणी बघत नाही. दोन दिवसांनी एकदा बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही.

रात्री टॉर्च घेऊन फेरी मारा. शंखी गोगलगायी कोवळे शेंडे एका रात्रीत खातात. हातमोजे घालून वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ टाकू नये, ते कुंडीतच उतरतं.

सर्वांत महत्त्वाची खूण: माती ओली आहे आणि तरी झाड मान टाकतंय. नवख्या माणसाचा हात अशा वेळी पाण्याच्या तांब्याकडे जातो, आणि तिथेच झाड संपतं. मुळं कुजल्यामुळे ते पाणी पिऊ शकत नसतं. ताबडतोब झाड उपसा, मुळं धुवा. तपकिरी मुळाची साल ओढली की सुटून आत दोऱ्यासारखी शीर उरते. असं प्रत्येक मूळ पांढऱ्या भागापर्यंत कापा. फांद्याही तेवढ्याच प्रमाणात कमी करा. कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या ३ ग्रॅम प्रतिलिटर पाण्यात मुळं दहा मिनिटं बुडवून कोरड्या, वाळूच्या मिश्रणात लहान कुंडीत बसवा. आणि कापलेल्या फांद्या फेकू नका. हिरव्या, टणक असतील तर त्यांतून कलमकाड्या निघतात. झाड गेलं तरी वाण वाचतो.

गावठी खुंटावर कलम

खुंटाची तयारी मृगातच सुरू होते. एकेरी तांबड्या गावठी जास्वंदीच्या पेन्सिलीएवढ्या जाड, २० सेंटिमीटरच्या काड्या घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका. दोन डोळे मातीत जातील अशा ५ × ७ इंची पिशव्यांमध्ये लावा. जून-जुलैच्या दमट हवेत त्यांना मुळं फुटायला चार ते सहा आठवडे लागतात. कलम बांधायचं ते पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, हवेत दमटपणा असताना.

कलमकाडी खुंटाएवढीच जाड, ८-१० सेंटिमीटर लांब, तीन-चार डोळ्यांची. अगदी कोवळा शेंडा नको, करडं लाकूडही नको. हिरव्यावर तपकिरी रेघा यायला लागलेला भाग नेमका. पानं देठाचा तुकडा ठेवून कापा. नवं ब्लेड घ्या, स्पिरिटने पुसा, प्रत्येक झाडानंतर पुन्हा पुसा.

खुंट मातीपासून १२-१५ सेंटिमीटरवर आडवा कापा. कापाखालची दोन पानं राहू द्या. कापाच्या मध्यावर ३ सेंटिमीटर खोल चीर द्या. कलमकाडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी सरळ, एकेका झटक्यात पाचर काढा. खरवडून काढलेल्या पाचरीत फटी राहतात. जास्वंदीच्या सालीतून बुळबुळीत चीक येतो, काडी बोटांतून निसटते. बोटं कोरड्या फडक्याला पुसत राहा, काप पाण्यात बुडवू नका. पाचर चिरेत बसवताना निदान एका बाजूला दोन्हींची हिरवी आतली साल तंतोतंत जुळली पाहिजे. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर मधोमध न ठेवता एका कडेला सरकवा. कलम लागतं ते या सालीच्या जुळणीवर, लाकूड लाकडाला चिकटत नाही.

दीड सेंटिमीटर रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळा. वरून पेप्सीकोल्याच्या आकाराची लांब पिशवी टोपीसारखी घालून गाठीच्या खाली बांधा. सावलीत ठेवा. टोपीत पाण्याचे थेंब दिसायलाच हवेत. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात. पानं बोटाच्या नखाएवढी झाली की टोपीचा कोपरा कापा, आणखी चार दिवसांनी टोपी काढा. पट्टी दोन महिन्यांनी सोडा, राहिली तर साल आवळली जाऊन झाड तिथेच मोडतं.

आठवड्याभरात काडी काळी पडली तर ब्लेड अस्वच्छ होतं किंवा आत पावसाचं पाणी गेलं. काडी हिरवी राहिली, फुटलीही, पण टोपी काढताच सुकली, तर साल जुळलेली नव्हती. डोळा स्वतःच्या शिदोरीवर फुटला होता. पहिल्या खेपेला पाच बांधून दोन लागली तरी ठीक. पुढे खुंटाला गाठीखाली येणारी प्रत्येक फूट अंगठ्याने मोडत राहा. महिनाभर दुर्लक्ष झालं तर गावठी वर चढते आणि ‘फुलं बदलली’ असं वाटायला लागतं.

कीड आणि कळीगळ

पिठ्या ढेकूण हा मुख्य शत्रू. मुंग्या त्याला फांद्यांवर नेऊन सोडतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट बंद करा. थोडी कीड स्पिरिटच्या बोळ्याने पुसून जाते. जास्त असेल तर कडुनिंब तेल ५ मिली आणि साबणाचं द्रावण १ मिली प्रतिलिटर, संध्याकाळी. भर उन्हात तेल मारलं तर पानं भाजतात. दमट महिन्यांत व्हर्टिसिलियम लेकॅनी (किडीवर वाढणारी मित्रबुरशी) ५ ग्रॅम प्रतिलिटर फार चांगलं काम करतं. पूजेला फुलं लागतात, केसांच्या तेलात घातली जातात, तेव्हा आंतरप्रवाही विषारी औषधं टाळावीत. भेंडीचे वाफे जवळ नकोत. तुडतुडे आणि पांढरी माशी तिथून इकडे येतात.

कळ्या गळत असतील तर एक कळी उकलून पांढऱ्या कागदावर झटका. धाग्याच्या तुकड्यांएवढे फुलकिडे चालताना दिसले तर फवारणी. काहीच नसेल तर पाण्याचा खाडा, नुकतीच बदललेली कुंडी किंवा मेचा उकाडा ही कारणं. डबल पाकळ्यांचे वाण उकाड्यात कळ्या गाळतातच, नोव्हेंबरची वाट पाहावी. रंगही तेव्हाच खरा दिसतो; उन्हाळ्यात फिका पडलेला मरून थंडीत पुन्हा गडद होतो.

छाटणी ऑक्टोबरात, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त नाही, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर. कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा.

स्वतःचा संकर

झाडं स्थिरावली की हे जरूर करावं. नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हे दिवस योग्य. उकाड्यात बोंडं धरत नाहीत. फुलाच्या मधल्या दांड्यावर परागांचे पिवळे दाणे असतात, आणि टोकाला पाच मखमली टिकल्या. सकाळी नऊच्या सुमारास टिकल्या किंचित ओलसर दिसतात, तेव्हा दुसऱ्या वाणाच्या दांड्याचे पराग त्यांना हलकेच लावा. टिकलीवर पिवळी पूड बसलेली डोळ्यांना दिसते. संकर साधला नाही तर आठवड्याभरात देठासकट फूल गळतं. साधला तर हिरव्या कुशीत बोंड फुगतं आणि सहा ते आठ आठवड्यांनी तपकिरी होऊन तडकतं. त्याआधीच त्यावर जाळीची पिशवी बांधा, नाहीतर बिया खाली उडतात.

बीच्या गोल बाजूला ब्लेडने बारीक टोचा द्या, टोकदार बाजूला हात लावू नका. रात्रभर भिजवून चाळलेल्या कोकोपीट-वाळूत एक सेंटिमीटर खोल पेरा. आठ-दहा दिवसांत उगवतं. फेब्रुवारीत पेरलं तर पावसाआधी रोपं वीतभर होतात, आणि ती वळचणीलाच काढायची.

एकाच बोंडातली दोन रोपं सारखी निघत नाहीत. फूल यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. पहिलं फूल बहुतेक लहान आणि चुरगळलेलं असतं. चौथ्या-पाचव्या फुलापर्यंत झाड फेकू नका. आवडलं तर त्याच्या काड्या लगेच दोन-तीन गावठी खुंटांवर बांधून ठेवा, कारण मूळ रोप पुढच्या पावसाळ्यात राहील याची खात्री नसते. झाडाच्या नावाच्या पट्टीवर आधी आईचं, मग बापाचं नाव आणि संकराची तारीख शिसपेन्सिलने लिहा. पेनची शाई इथल्या पावसात महिनाभरही टिकत नाही.